गाणे लावले की संगणक गोठतो: कोल्हापुरातील एका ध्वनिसंग्रहाच्या लिनक्स यंत्राचे प्रकरण

कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहणाऱ्या एका संग्राहकांकडे पोवाडे, कीर्तने, भजनी मंडळांचे जागर आणि संगीत नाटकांच्या प्रयोगांची खासगी ध्वनिमुद्रणे असलेल्या कॅसेटांचा मोठा साठा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या पुरात त्यांच्या शाहूपुरीतील नातेवाइकांकडे ठेवलेली काही खोकी भिजली आणि फितींना बुरशी धरली. २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी पुन्हा चढले, तेव्हा उरलेला साठा संगणकात उतरवून घेण्याचे काम आता लांबणीवर टाकायचे नाही, असे त्यांनी ठरवले. फीत एकदा खराब झाली की तिच्यावरचा आवाज परत मिळवण्याचा मार्ग जवळजवळ नसतो. त्यामुळे हे काम ज्या यंत्रावर चालते ते मधेच बंद पडणे ही नुसती गैरसोय नव्हती.

यंत्र साधे होते. इंटेलचा सेलेरॉन जे१९०० हा चार कोअरचा प्रोसेसर असलेला, पंखा नसलेला छोटा संगणक, चार जीबी मेमरी, एक हार्ड डिस्क आणि कॅसेट डेक जोडण्यासाठी यूएसबीवर चालणारा बाहेरचा साउंड इंटरफेस. पंखा नसल्यामुळे ध्वनिमुद्रणाच्या खोलीत आवाज होत नाही, म्हणून हे यंत्र मुद्दाम निवडले होते. त्यावर उबंटू १६.०४ ही लिनक्स प्रणाली बसवलेली होती आणि तिचे कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा गाभा, ४.४ या मालिकेतले होते. यंत्र इंटरनेटला जोडलेले नसल्यामुळे बसवल्यापासून त्यात काहीही अद्ययावत झालेले नव्हते.

तक्रार संग्राहकांच्याच शब्दांत अशी होती: "गाणं लावलं की मशीन मरतंय बघा. रेकॉर्डिंगला तासन्‌तास चालतंय, काय होत नाही. उतरवलेलं ऐकायला बसलं की थांबलं."

या तक्रारीतला दुसरा भाग पहिल्याइतकाच मोलाचा होता. मुद्रण करताना यंत्र टिकते आणि मुद्रित आवाज ऐकताना गोठते, हा फरक नेमका कशामुळे पडतो, याचे उत्तर म्हणजेच या प्रकरणाचे उत्तर. परंतु यंत्र माझ्याकडे येण्याआधी ज्यांनी ज्यांनी ते पाहिले, त्या सगळ्यांनी "गाणे लावले की" एवढेच ऐकले आणि आवाजाशी संबंधित सगळ्या गोष्टी बदलून पाहिल्या. पल्सऑडिओ हा साउंड सर्व्हर काढून पुन्हा बसवला गेला, कोडेकची, म्हणजे आकड्यांतला आवाज स्पीकरसाठी बदलून देणाऱ्या चिपची, वीजबचत बंद केली गेली, स्पीकरची वायरसुद्धा नवी आली. यातला एकही उपाय वेडगळ नव्हता. उदाहरणार्थ, एसएनडी_एचडीए_इंटेल या साउंड ड्रायव्हरमधल्या वीजबचतीमुळे गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी "टक्" असा आवाज येणे ही अगदी सर्वसाधारण तक्रार आहे आणि ती वीजबचत बंद केल्यावर जाते. मात्र तिच्यामुळे सबंध यंत्र गोठत नाही.

गोठले म्हणजे नेमके काय झाले

संगणक हँग झाला, असे म्हणताना लोक तीन वेगळ्या अवस्थांना एकच नाव देतात, आणि पहिले काम त्या वेगळ्या करण्याचे असते. एखादा प्रोग्रॅमच अडकला असेल तर माउस हलतो आणि दुसरी खिडकी उघडते. पडदा सांभाळणारा भाग अडकला असेल तर समोर सगळे स्तब्ध दिसते, पण दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने, म्हणजे दुरून आज्ञा देण्याच्या सोयीने, आत जाता येते. कर्नल किंवा त्याखालचे हार्डवेअरच थांबले असेल तर यातले काहीही चालत नाही. म्हणून या यंत्राला एका लॅपटॉपशी केबलने जोडले, लॅपटॉपवरून पिंग, म्हणजे यंत्र जागे आहे का हे विचारणारे संदेश, सुरू ठेवले आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये एका कीर्तनाची फाइल लावून वाट पाहिली.

गोठण्याच्या क्षणी पिंगचे उत्तर बंद झाले. कॅप्स लॉकचा दिवा कळ दाबून पेटेना किंवा विझेना. अल्ट आणि सिसआरक्यू या कळा धरून कर्नलला थेट आज्ञा देण्याची जी सोय असते, तीही निरुत्तर राहिली. ही सोय तपासणाऱ्याने एक गोष्ट आधी पाहून घ्यावी. उबंटूमध्ये तिचे मूल्य मुळात १७६ असते, म्हणजे १२८, ३२ आणि १६ यांची बेरीज. त्यात डिस्कवर लिहून टाकणे, डिस्क केवळ वाचनासाठी ठेवणे आणि यंत्र पुन्हा सुरू करणे एवढ्याच आज्ञांना परवानगी असते. बाकीच्या आज्ञा चालत नाहीत म्हणून कर्नल मेले, असा निष्कर्ष काढणे चूक ठरते. येथे मूल्य आधीच १ करून सगळ्या आज्ञा खुल्या केल्या होत्या, तरीही उत्तर आले नाही.

आवाजाने मात्र एक पुरावा दिला. यंत्र गोठल्यावर स्पीकर शांत झाला नाही. कीर्तनकारांच्या आवाजाचा एक लहानसा तुकडा, एका अक्षराहून थोडा मोठा, अखंड घरघरत राहिला. याचे कारण साउंड कंट्रोलरच्या रचनेत आहे. वाजवायचा आवाज मेमरीतल्या एका ठरावीक जागेत ठेवलेला असतो. कंट्रोलर प्रोसेसरला न विचारता ती जागा क्रमाने वाचत जातो आणि शेवटाला पोहोचला की पुन्हा सुरुवातीपासून वाचू लागतो. रहाटगाडग्याचे पोहरे फिरत राहावेत तसे हे चालते. वाचून झालेल्या जागी पुढचा आवाज भरत राहणे हे प्रोसेसरचे काम. प्रोसेसर थांबला की कंट्रोलर तेच तेच पोहरे ओतत राहतो. या यंत्रावर ती जागा ६४ किलोबाइटची होती. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुन्याला दोन वाहिन्या मिळून चार बाइट, असा हिशोब केला की ६५,५३६ बाइट म्हणजे साधारण ०.३७ सेकंदांचा आवाज होतो, आणि कानाला ऐकू येणारा तुकडाही तेवढाच होता.

यावरून बरेच काही सिद्ध झाले. वीजपुरवठा शाबूत होता, कारण तो कोसळला असता तर आवाजही गेला असता. मेमरी आणि साउंड कंट्रोलर काम करत होते. थांबला होता तो प्रोसेसर. ज्या भागावर सगळ्यांचा संशय होता, तोच भाग सगळे थांबल्यावरही आपले काम करत होता.

नोंदींमध्ये काहीच नसणे

कर्नलच्या नोंदींची फाइल उघडली तर शेवटची ओळ रोजच्या कामकाजातली, त्यानंतर शून्य बाइटांची एक रांग आणि पुढची ओळ थेट नव्या बूटची. अचानक वीज तोडून बंद केलेल्या यंत्रात अशी रांग नेहमी सापडते, तिला वेगळा अर्थ नाही. साउंड ड्रायव्हर खरोखर अडचणीत असेल तर तो गप्प बसत नाही. कोडेककडून उत्तर येत नाही म्हणून आपण पोलिंग पद्धतीवर (स्वतःच पुन्हा पुन्हा विचारण्यावर) जात आहोत, एमएसआय (प्रोसेसरचे लक्ष वेधणारे संकेत पाठवण्याची एक पद्धत) बंद करत आहोत, अशा ओळी तो क्रमाने लिहितो. येथे तशी एकही ओळ नव्हती.

नोंद डिस्कवर पोहोचण्याआधीच यंत्र थांबत असेल, ही शक्यता उरत होती. त्यासाठी नेटकन्सोल सुरू केले. या सोयीत कर्नलचे संदेश डिस्कची वाट न पाहता नेटवर्कवरून (यूडीपीने) सरळ दुसऱ्या यंत्राकडे जातात. सोबत एनएमआय, म्हणजे टाळता न येणाऱ्या व्यत्ययावर चालणारा, वॉचडॉगही चालू ठेवला. एखादा कोअर नेहमीचे व्यत्यय (लक्ष वेधणारे संकेत) न स्वीकारता साधारण दहा सेकंद अडकून राहिला तर हा पहारेकरी "हार्ड लॉकअप" अशी ओरड करतो. लॅपटॉपवर यातले काहीही आले नाही. टाळता न येणारा व्यत्ययही चालू शकत नाही, याचा अर्थ सगळे कोअर एकदम थांबलेले आहेत. एखाद्या ड्रायव्हरमधल्या साध्या चुकीने असे सहसा घडत नाही. संशय आता प्रोसेसर, त्याचा वीजपुरवठा आणि त्यांची परस्परांशी असलेली देवाणघेवाण यांच्यावर आला.

मेमरीची तपासणी रात्रभर चालवली, त्यात दोष आढळला नाही. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी स्मार्ट नोंद ठेवते, तिच्यात बदललेले सेक्टर, म्हणजे खराब झाल्यामुळे दुसरीकडे हलवलेले भाग, नव्हते. पंखा नसलेले यंत्र आणि कोल्हापुरातला एप्रिल म्हटल्यावर उष्णतेची शंका घेणे भाग होते, पण गोठण्याच्या वेळी तापमान ६० अंशांच्या आसपास होते आणि या प्रोसेसरची मर्यादा १०५ अंश आहे.

आवाज आणि पडदा वेगळे करणे

यानंतरचा टप्पा या प्रकरणाचा गाभा आहे. "गाणे लावले" या एका कृतीत प्रत्यक्षात अनेक गोष्टी एकाच वेळी घडतात. डिस्कवरून फाइल वाचली जाते, साउंड सर्व्हर जागा होतो, कोडेकमधून आवाज बाहेर पडतो आणि पडद्यावर ऑडॅसिटीची रेघ सरकू लागते, आवाजाची पातळी दाखवणारे हिरवे-तांबडे पट्टे नाचू लागतात. मुद्रणाच्या वेळी काय होत होते, हे संग्राहकांना विचारले तेव्हा कळले की त्यांच्या पुतण्याने त्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट लिहून दिली होती. ती एरेकॉर्ड हा आज्ञा-ओळीवरचा प्रोग्रॅम चालवते आणि पडदा बंद करते. म्हणजे मुद्रण आणि श्रवण यांत फरक केवळ आवाजाच्या दिशेचा नव्हता. एका वेळी पडदा मेलेला असे आणि दुसऱ्या वेळी तो सतत हलत असे.

मग एकेक गोष्ट सुटी केली. मजकुराच्या कन्सोलवर जाऊन तीच कीर्तने एप्ले या प्रोग्रॅमने अंतर्गत कोडेकमधून वाजवली. रात्रभर चालली, यंत्र जागचे हलले नाही. त्यानंतर ऑडॅसिटीमध्ये आवाजाची वाट बदलून तो यूएसबी इंटरफेसमधून बाहेर काढला, म्हणजे अंतर्गत कोडेकला कामच उरले नाही. यंत्र गोठले. पुढे आवाज पूर्ण बंद ठेवून नुसती चित्रफीत लावली. तरीही गोठले. अंतर्गत साउंड कार्ड येथे निर्दोष सुटले.

सर्वांत बोलका प्रयोग याच्या उलट दिशेचा होता. ऑडॅसिटी वाजत असताना चारही कोअरवर निरर्थक गणिते लावून प्रोसेसर शंभर टक्के गुंतवून ठेवला. इतक्या ओझ्याखाली यंत्र लवकर गोठेल, असे कोणालाही वाटेल. ते गोठलेच नाही. गणिते थांबवली आणि गाणे तसेच चालू ठेवले, तेव्हा थोड्या वेळाने यंत्र पुन्हा थांबले. काम जास्त असताना टिकणारे आणि काम थोडे असताना कोसळणारे यंत्र दिसले की प्रोसेसरच्या निद्रावस्थांकडे पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

झोपेचे टप्पे आणि पी-युनिट

हाती काम नसते तेव्हा लिनक्स प्रोसेसरला सी-अवस्थांमध्ये पाठवतो. सी१ ही उथळ अवस्था आहे. सी६ आणि सी७ या खोल अवस्थांत कोअरची वीज जवळजवळ तोडली जाते. जे१९०० हा इंटेलच्या बे ट्रेल या पिढीतला प्रोसेसर आहे आणि या पिढीसाठी कर्नलचा इंटेल_आयडल हा भाग सी१, सी६एन, सी६एस, सी७ आणि सी७एस अशा अवस्था वापरतो. संगणक पूर्ण रिकामा असेल तर कोअर दीर्घकाळ खोल झोपेत राहतो. पूर्ण गुंतलेला असेल तर तो झोपतच नाही. गाणे किंवा चित्रफीत चालू असताना मात्र कोअर थोडे काम करून झोपतो, लगेच उठतो, पुन्हा झोपतो. झोपण्या-उठण्याची ये-जा सर्वांत जास्त याच स्थितीत होते.

बे ट्रेलचा हा दोष लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये परिचित आहे. कर्नलच्या दोषनोंदवहीत २०१५ पासून १०९०५१ या क्रमांकाखाली त्याची नोंद आहे. दोष नेमका कोठे उद्भवतो याविषयी सर्वांत उपयुक्त माहिती मला इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सोर्स कोडमध्ये सापडली. या चिपमध्ये विजेचे वाटप सांभाळणारे पी-युनिट नावाचे एक अंग असते आणि ग्राफिक्सचा वेग कमी-जास्त करायचा असेल तर ड्रायव्हरला त्याच्याकडे मागणी करावी लागते. ही मागणी चालू असतानाच प्रोसेसरची वीजस्थिती बदलली तर सबंध यंत्र थांबू शकते, आणि हे चार कोअरच्या बे ट्रेलवर खात्रीने दिसले आहे, अशा आशयाची टीप ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी तेथे ठेवली आहे. त्यांचा उपायही तेथेच आहे: पी-युनिटशी बोलणे चालू असेपर्यंत प्रोसेसरला झोपू द्यायचे नाही. हा उपाय ४.४ या जुन्या कर्नलमध्ये नव्हता.

आता सगळे पुरावे जुळले. नाचणाऱ्या पट्ट्यांमुळे ग्राफिक्सचा वेग सतत वर-खाली होत होता, म्हणजे पी-युनिटकडे मागण्या जात होत्या. गाण्याचे काम हलके असल्यामुळे कोअर मधल्या मधल्या क्षणांत झोपत होते. या दोन्ही गोष्टी एका क्षणी भिडल्या की यंत्र थांबत होते. कन्सोलवर पहिली गोष्ट नव्हती, गणिते लावल्यावर दुसरी नव्हती.

एवढ्यावर विसंबून राहता येत नाही, म्हणून यंत्र चालू असतानाच पडताळा घेतला. कर्नलची स्थिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या सिसएफएसमध्ये प्रत्येक कोअरच्या सीपीयूआयडल या फोल्डरात प्रत्येक अवस्थेसाठी डिसेबल नावाची फाइल असते. तिच्यात १ लिहिले की ती अवस्था तेवढ्यापुरती बंद होते, यंत्र पुन्हा सुरू करावे लागत नाही. सी६ आणि सी७ गटातल्या सगळ्या अवस्था चारही कोअरवर बंद केल्या आणि ऑडॅसिटीत कीर्तने लावून ठेवली. यंत्र गोठले नाही. अवस्था पुन्हा खुल्या केल्यावर गोठले. हा पडताळा दोन्ही दिशांनी घेतल्याशिवाय कारण सापडले असे म्हणू नये, कारण अधूनमधून घडणारा दोष नुसत्या योगायोगानेही काही काळ दडून राहतो.

उपाय आणि त्याची किंमत

तात्पुरता उपाय म्हणून ग्रब या, यंत्र सुरू होताना कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रॅमच्या कर्नल-ओळीत इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१ हे कलम घातले आणि अपडेट-ग्रब चालवले. येथे काही जण १ ऐवजी ० लिहितात. त्याने झोप बंद होत नाही, इंटेल_आयडल हा भागच बाजूला होतो आणि एसीपीआयच्या, म्हणजे फर्मवेअरने पुरवलेल्या वीजव्यवस्थेच्या, माहितीवर चालणारा दुसरा भाग त्याची जागा घेतो. मग खोल अवस्था पुन्हा वापरात येऊ शकतात आणि उपाय लागू पडला नाही असा गैरसमज होतो. म्हणून बदल केल्यावर सीपीयूआयडलच्या फोल्डरात कोणत्या अवस्था उरल्या आहेत, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

या कलमामुळे प्रोसेसर रिकामा असतानाही थोडी जास्त वीज खातो आणि पंखा नसलेल्या यंत्राची पेटी किंचित जास्त तापते. जे१९०० ची रचनाच दहा वॉटच्या उष्णतेसाठी केलेली असल्यामुळे टेबलावरच्या यंत्रात हा फरक सहज सोसता येतो. बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपसाठी मी हाच सल्ला इतक्या सहज दिला नसता.

कायमच्या उपायासाठी डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्स प्रणालीची लाइव्ह पेनड्राइव्ह तयार केली. त्यातले कर्नल ६.१ या मालिकेतले आहे. आधीच बसवून टाकण्यापेक्षा पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून, कोणतेही कलम न घालता, त्याच फाइल त्याच पद्धतीने ऑडॅसिटीत वाजवून पाहिल्या. यंत्र टिकले. मग संग्रहाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली, ती उघडून आवाज तपासला आणि त्यानंतरच नवी प्रणाली बसवली. उबंटू १६.०४ चा नेहमीचा पाठिंबा २०२१ च्या एप्रिलमध्येच संपलेला असल्यामुळे हा बदल तसाही व्हायला हवा होता. यंत्र इंटरनेटला जोडलेले नाही, म्हणून अद्ययावत करण्याची गरज नाही, हा समज मला अनेक ठिकाणी भेटतो. सुरक्षिततेपुरता तो काही अंशी खरा असला तरी हार्डवेअरमधल्या दोषांवरचे तोडगेही कर्नलबरोबरच येतात, हे त्यात विसरले जाते.

संग्राहकांचा पहिला प्रश्न असा होता, की यंत्र इतक्या वेळा गोठले त्यात आधी उतरवलेल्या फाइलींना काही झाले असेल का. प्रश्न रास्त होता. ऐकताना मूळ फाइल केवळ वाचली जाते, त्यामुळे तिच्यावर लिहिण्याची क्रिया अर्धवट राहण्याचा धोका त्या वेळी नव्हता. धोका होता तो ऑडॅसिटीत काटछाट करून न साठवलेल्या कामाला. त्यामुळे ज्या ज्या दिवशी संपादन चालू असताना यंत्र गोठले होते, त्या दिवसांच्या फाइल त्यांच्या वहीतल्या नोंदींवरून शोधून काढल्या आणि कॅसेटशी लांबी जुळवून पाहिल्या. एका भजनी जागराच्या फाइलचा शेवट तुटलेला निघाला. ती कॅसेट सुस्थितीत असल्यामुळे दुसऱ्यांदा उतरवून घेता आली.

त्याच बनावटीचे आणखी एक यंत्र त्यांच्याकडे कॅसेटांची वेष्टणे स्कॅन करण्यासाठी आहे. त्यावरचा स्कॅनर ज्या ड्रायव्हरवर चालतो, तो नव्या डेबियनवर चालत नाही, म्हणून तेथे जुने उबंटू तसेच ठेवले आहे. कर्नल-ओळीतले कलम मात्र त्या यंत्रावर कायम आहे. ते का घातले आहे आणि नवी प्रणाली बसवली तर काढून कसे तपासायचे, हे त्यांच्या पुतण्याने वहीत लिहून घेतले आहे.